मुक्तिनाथला जायचंय, पण जीव घाबरतो: श्रद्धेचा आधार नेमका कसा घ्यायचा

नेपाळच्या हिमालयातल्या मुक्तिनाथच्या यात्रेला नाव नोंदवून झालं की बहुतेकांची तयारी सुरू होते ती लोकरीचे कपडे आणि कोरडा खाऊ यांची. काहींची मात्र वेगळीच सुरू होते. रात्री दोनला जाग येते, छातीत धडधडतं, अंधारात मोबाइलवर नेपाळमधल्या रस्त्यांचे व्हिडिओ बघितले जातात आणि सकाळी घरात सांगितलं जातं, ‘गुडघा फार दुखतोय, या वर्षी राहू दे.’ गुडघा खरंच दुखत असेल तर प्रश्नच नाही. पण दुखणं गुडघ्याचं नसून भीतीचं असेल, आणि जायची ओढही तितकीच असेल, तर पुढचं वाचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ‘देवाच्या दारी निघालात ना, मग कसली भीती?’ असं म्हणणारे नातेवाईक प्रेमानेच बोलतात, पण त्यांच्या वाक्याने भीती कमी होत नाही. उलट भीती वाटते म्हणजे आपलीच श्रद्धा कमी पडते, ही अपराधी भावना वर चढते. शिवाय ते वाक्य खरंही नाही. २९ मे २०२२ रोजी पोखराहून मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमला निघालेलं छोटं विमान डोंगरात कोसळलं. त्यातले सगळे २२ जण गेले. त्यांत ठाण्याचं एक कुटुंब होतं. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखराहून काठमांडूकडे जाणारी बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. तिच्यात जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव परिसरातले भाविक होते. देवदर्शनालाच निघालेली माणसं होती ती.

म्हणून ‘देव काही होऊ देणार नाही’ या हमीवर मी कुणालाही प्रवासाला पाठवणार नाही. हमी मागितली की मन तिचा पुरावा शोधत बसतं. मांजर आडवं गेलं, समई विझली, की हमी मोडली! श्रद्धेकडून वेगळं काम घ्यायचं आहे: भीती अंगात असतानाही हात, पाय, श्वास आणि डोकं चालू ठेवणं. ते काम श्रद्धा चांगलं करते, पण त्याची सवय घरून करून न्यावी लागते. हाताशी सहा-सात आठवडे असतील तर उत्तम.

पहिलं काम: भीती कागदावर उतरवा

एक वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ज्या भीतीवर काही करता येतं ती, उजवीकडे जिच्यावर काहीच करता येत नाही ती. ‘विमान पडलं तर?’ हे एक वाक्य दोन्हीकडे जातं. हवा खराब असताना विमानाचा हट्ट न धरणं आपल्या हातात आहे, ते डावीकडे. उड्डाणानंतर काय होईल ते उजवीकडे. ‘वर गेल्यावर श्वास लागला तर?’ जवळजवळ पूर्ण डावीकडे. ‘माझ्यामागे घरी सासऱ्यांना काही झालं तर?’ औषधं, शेजारी, डॉक्टरचा नंबर डावीकडे, उरलेलं उजवीकडे.

डाव्या बाजूसाठी तिकीट, डॉक्टर, विमा, राखीव दिवस. उजव्या बाजूसाठी देव. लोक नेमकं उलटं करतात. उंचीचा त्रास देवावर सोडतात आणि विमान पडेल का याचा हिशेब स्वतः रात्रभर करतात.

बायकांच्या यादीत एक भीती हमखास असते आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही: वाटेत शौचालय मिळेल का? ती लिहा. कारण या भीतीपोटी पाणी पिणं बंद होतं, आणि पाणी न पिता तीन हजार मीटरच्या वर गेलं की डोकं ठणकायला लागतं. चालकाशी सकाळीच ठरवून घ्या की दर दोन तासांनी गाडी थांबेल. पोखरा ते जोमसोम रस्त्यावर बेनी, तातोपानी, घासा, मार्फा अशी खाण्यापिण्याची गावं लागतात, तिथे सोय होते. गटात एक जण नेमा जी हे चालकाला न लाजता सांगेल.

डॉक्टरांकडे दोन प्रश्न घेऊन जा

पहिला प्रश्न शरीराचा: हृदय, रक्तदाब, दमा, मधुमेह, रक्ताची कमतरता यांतलं काही असताना सुमारे ३,७०० मीटरवर जाऊ का? आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. मुक्तिनाथ त्याच्या दुपटीहून उंच. उंचीच्या त्रासासाठी असेटाझोलामाइड हे औषध काहींना दिलं जातं. ते घ्यायचं का, किती, कधीपासून, हे डॉक्टरच ठरवतील. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

दुसरा प्रश्न मनाचा, आणि तो विचारायला संकोच करू नका. घबराटीचे झटके वारंवार येत असतील, भीतीमुळे लिफ्ट, बस, बाजार टाळला जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटून मगच यात्रा ठरवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि मराठीतही बोलता येतं. चिंतेवरचं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. झोपेची गोळी मात्र ‘प्रवासात शांत झोप लागेल’ म्हणून कुणाच्या डबीतून घेऊ नका. उंचीवर अशा काही गोळ्या श्वास मंदावतात. दारूचंही तेच.

संकल्प करा, सौदा नको

‘सुखरूप परत आण, मी अमुक करीन’ हा नवस घाबरलेल्या मनाला सोयीचा वाटतो. पण त्यात एक अडचण आहे. नवस बोलला की यात्रा अर्धवट सोडणं हे पाप वाटू लागतं, आणि जोमसोमला डोकं फुटायची वेळ आली तरी माणूस ‘बोललेय ना मी’ म्हणून वर चढतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

त्यापेक्षा निघण्याआधी कुलदैवतासमोर, नाहीतर घरच्या देवापुढे, साधा संकल्प करा. शब्द आपले आपण बांधा. माझ्या सोबतच्या मंडळींना मी असा सुचवते: ‘मुक्तिनाथाच्या दर्शनाला निघते आहे. माझ्या हातात आहे तेवढी काळजी मी घेईन. वाट अवघड झाली तर थांबेन, आणि जिथे थांबेन तिथून नमस्कार करीन. तो तू मान्य करून घे.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका. परत फिरायची परवानगी देवाकडून आधीच घेतलेली असली की अर्धी घुसमट तिथेच संपते.

आधी केलेला नवस असेलच, तर घरातल्या जाणत्यांशी किंवा गुरुजींशी बोलून घ्या. तब्येतीसाठी सवलत नाही असं म्हणणारे गुरुजी माझ्या तरी पाहण्यात नाहीत.

परत आल्यावर मावंदं घालायची पद्धत तुमच्याकडे असेल तर त्याचा बेत आत्ताच ठरवा. कुणाला बोलवायचं, पुरण की खीर, जागा कुठली. घाबरलेलं मन परतीचा विचारच करत नाही, ते दरीपाशी अडकतं. मावंद्याची यादी त्याला घरापर्यंत आणते.

नाम श्वासाला बांधा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, त्याला वेळ द्या. नामस्मरण बहुतेक जण करतातच. फरक एवढाच करायचा आहे की ते श्वासाच्या लयीत आणायचं.

रोज दिवेलागणीला दहा मिनिटं बसा. श्वास आत घेताना मनात ‘राम’. श्वास सोडताना सावकाश ‘कृष्ण हरी’. सोडतानाचा श्वास घेतानाच्या श्वासापेक्षा लांब हवा. ‘हरी’मधला शेवटचा ईकार जितका लांबवता येईल तितका लांबवा, पण ओढाताण नको. चक्कर आल्यासारखं वाटलं तर श्वास फार खोल घेताय, थोडा हलका करा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, शरीराचा ‘पळा पळा’ हा इशारा उतरू लागतो. तुमचं नाम वेगळं असेल, ‘नमो नारायणाय’, ‘श्री स्वामी समर्थ’, ‘श्रीराम जय राम जय जय राम’, तर तेच घ्या. नवं मंत्राक्षर शोधायला जाऊ नका. लहानपणापासून जे जिभेवर आहे तेच घाबरल्यावर आठवतं.

पहिला आठवडा शांत जागी. दुसरा आठवडा टीव्ही चालू असताना. तिसरा आठवडा बसमध्ये, लोकलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. चौथ्या आठवड्यापासून मुद्दाम भीतीसोबत: डोळे मिटून विमानात बसल्याची कल्पना करा, छातीत धडधड वाढू द्या आणि त्या धडधडीतच नाम चालू ठेवा. विहिरीत पडल्यावर पोहायला शिकता येत नाही, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी चुकते. नाम घेऊन भीती घालवायची नाही. ‘अजून गेली नाही, अजून गेली नाही’ असं तपासत घेतलेलं नाम म्हणजे भीतीचीच जपमाळ झाली. भीती शेजारच्या आसनावर बसलेली असू दे. तुम्ही नाम घ्या. घबराटीचा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरायला लागतो. तो ओसरेपर्यंत त्याच्याशी न भांडता बसून राहण्याचं साधन म्हणजे नाम.

हाताला काम हवं असेल तर तुळशीची छोटी माळ खिशात ठेवा. बोटांखाली मणी सरकताना मन दरीतून हातावर येतं. पण माळ हरवली म्हणजे संपलं, असं होऊ देऊ नका. म्हणून काही दिवस मुद्दाम माळेशिवाय, बोटांच्या पेरांवर जप करा.

हीच रीत इतरांनाही चालते. लुंबिनीला निघालेले आपल्याकडचे बौद्ध उपासक आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, करतात, वसईहून पवित्र भूमीला जाणारे ख्रिस्ती भाविक रोझरी (माळेवरची प्रार्थना) म्हणतात, हजला जाणारे जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) करतात. श्वास लांब आणि शब्द ओळखीचा, एवढं सांभाळलं की झालं.

घाटाची भीती घाटातच उतरते

ज्याची भीती वाटते ते सगळं टाळून एकदम हिमालयात जाणं म्हणजे शिक्षा आहे. चढत्या पायऱ्या करा. दरीची भीती असेल तर आधी खंडाळ्याचा घाट, बसमध्ये आतल्या बाजूला बसून. मग तोच घाट खिडकीशी बसून. मग वणीला सप्तशृंगीदेवीला नांदुरीचा घाट चढून जा. देवीचं दर्शन आणि सराव दोन्ही होतं. प्रत्येक पायरी भीती अर्धी होईपर्यंत पुन्हा करा, घाई नको. खिडकीचा पडदा ओढून, डोळे घट्ट मिटून केलेला घाट मोजायचा नाही.

विमानाची भीती असेल तर काठमांडूचं विमान हे आयुष्यातलं पहिलं उड्डाण असू नये. मुंबई–नागपूरसारखा तासा-दीड तासाचा प्रवास आधी करून बघा. परवडत नसेल तर निदान विमानतळावर कुणाला सोडायला जा, तिथला गोंगाट आणि रांगा पाहून या.

घाटात मळमळणं आणि घबराट यांची गल्लत होते. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्या, पुढच्या बाजूला बसा, मोबाइलमध्ये बघू नका. निम्म्या लोकांची ‘भीती’ इथेच निवळते.

आणि ते व्हिडिओ. ‘जगातला सर्वांत धोकादायक रस्ता’ असल्या नावाचे व्हिडिओ बघणं म्हणजे माहिती घेणं नव्हे. रस्त्याबद्दल काय विचारायचं ते दिवसा, एकदाच, जाऊन आलेल्या माणसाला विचारा.

आखणीतच धीर पेरा

मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चांगले. पावसाळ्यात मुक्तिनाथच्या बाजूला पाऊस कमी पडतो हे खरं, पण तिथवर पोहोचायचे खालचे रस्ते दरडींनी अडतात.

काठमांडू किंवा उत्तर प्रदेशाच्या सीमेवरच्या सुनौलीमार्गे पोखरा. तिथून पुढे दोन पर्याय आहेत, विमान किंवा गाडी. पोखरा ८०० मीटरच्या आसपास आहे, जोमसोम सुमारे २,७०० आणि मुक्तिनाथ सुमारे ३,७००. पोखराहून सकाळी निघून त्याच दिवशी मुक्तिनाथ करून खाली यायचा कार्यक्रम जाहिरातीत छान दिसतो. पण जवळजवळ तीन हजार मीटर एका दिवसात चढवणारा कार्यक्रम चांगल्या धडधाकट माणसालाही डोकेदुखी देतो, आणि घाबरट माणसाला ती डोकेदुखी मरणाची चाहूल वाटते. जाताना जोमसोम, मार्फा किंवा कागबेनीला एक रात्र काढाच. यात्रा कंपनी तयार नसेल तर कंपनी बदला. हेलिकॉप्टरने वर जाऊन तासाभरात परतणंही होतं. ज्यांना चालवतच नाही त्यांच्यासाठी ते ठीक आहे, पण एवढ्या झटक्यात उंची गाठायची म्हणून डॉक्टरांचा होकार आणखी गरजेचा.

पोखरात एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. कालीगंडकीची दरी धवलगिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्यामधून जाते आणि तिथे दुपारकडे वारा असा सुटतो की जोमसोमची विमानं सकाळीच उडतात. हवा बिघडली की उड्डाण रद्द. मोकळा दिवस हाताशी असला की ‘रद्द’ हा शब्द ऐकून हायसं वाटतं. नसला की माणसं काउंटरवर भांडतात आणि मिळेल त्या गाडीत रात्रीची बसतात. परतीचं मुंबईचं तिकीटही अगदी दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.

कागदपत्रांची धाकधूक फार असते, म्हणून थोडक्यात: भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मूळ पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र बरोबर ठेवा, केवळ आधारवर विसंबू नका. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच आहे ना, हे आजच बघा. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. खर्चापुरते नेपाळी रुपये पोहोचल्यावर लगेच बदलून घ्या. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे चालतं. प्रवास विमा काढताना उंचीवरचा आजार आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारा.

विमानाचा दिवस, गाडीचा दिवस

जे आधी माहीत असतं ते कमी घाबरवतं, म्हणून जोमसोमच्या विमानाचं सरळ वर्णन करते. विमान लहान, पंख्याचं, वीसेक जणांचं. आवाज मोठा. वैमानिक समोर दिसतात. प्रवास सुमारे वीस मिनिटांचा. खिडकीतून डोंगर खाली न दिसता बाजूला आणि वर दिसतात, आणि याच दृश्याने पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ते तसंच दिसतं, ही तिथली रोजची वाट आहे. मधे हादरे बसतील. पाठ खुर्चीला टेकवा, पाय जमिनीवर सपाट, मुठी उघड्या, नाम सुरू. वीस मिनिटांत साधारण दोनशे श्वास होतात, म्हणजे नामाच्या दोन माळाही पुऱ्या होत नाहीत.

चढण्याआधी प्रश्न मात्र विचारा: हवा कशी आहे, कालची विमानं गेली का? उत्तर समाधानकारक नसेल तर न चढण्याचा हक्क तुमचा आहे. ‘एवढं आलोय तर जाऊ या’ हे वाक्य गटात कुणी म्हणालं तर त्याला संकल्पाची शेवटची दोन वाक्यं ऐकवा.

गाडीने जाणार असाल तर पोखरा ते जोमसोम दिवसभराचा प्रवास धरा. अट एकच: अंधारात गाडी चालणार नाही. चालकाची झोप झाली आहे का, तो दमलेला आहे का, हे विचारण्यात संकोच नको. गाडीत भजन म्हणावं, त्याने सगळ्यांनाच धीर येतो, आणि एकत्र लांब सुरात गाताना उच्छ्वास आपोआप लांब होतो. वारीत दिंडी अभंग म्हणत चालते त्यात हाच एक लाभ दडलेला आहे. पण अवघड वळणांवर चालकाच्या कानाशी टाळ वाजवू नका, आणि कुणाला शांत बसायचं असेल तर त्याला बसू द्या.

हा श्वास भीतीचा की उंचीचा?

घाबरट माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, कारण लक्षणं जवळजवळ सारखीच: धाप, धडधड, चक्कर, मळमळ. २,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो.

भीतीचा झटका अचानक येतो, काही मिनिटांत चढतो, आणि बसून नामाच्या लयीत श्वास घेतला की अर्ध्या तासात बराच उतरतो. उंचीचा त्रास बहुधा पोहोचल्यावर काही तासांनी, बऱ्याचदा रात्री किंवा सकाळी जाणवतो. डोकं दुखतं आणि दुखतच राहतं, जेवण नकोसं होतं, उलटी होते. नुसती डोकेदुखी असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. विश्रांती, पाणी, हलकं जेवण. वाढली तर खाली उतरायचं. आणि बसल्या जागी, काही न करता धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर ताबडतोब खाली, रात्र असली तरी, आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टरकडे. ऑक्सिजनचा छोटा डबा तात्पुरता आधार आहे, उतरण्याला पर्याय नाही.

शंका असेल तेव्हा त्रास उंचीचा आहे असं धरा, भीतीचा नव्हे. ‘घाबरलीस तू, नाम घे’ असं सांगून आजारी माणसाला वर बसवून ठेवणं हा श्रद्धेचा सर्वांत वाईट वापर आहे. आणि खरंच भीतीच होती असं खाली आल्यावर कळलं, तरी काही बिघडत नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेत असाल तर सकाळी एकदा आणि रात्री एकदा, एवढंच. दर दहा मिनिटांनी बोट घालून आकडा बघणाऱ्याची भीती त्या यंत्रातूनच वाढते. उंचीवर तो आकडा घरच्यापेक्षा कमी दिसतो, हेही आधीच समजून घ्या. यंत्र गटातल्या दुसऱ्याच्या पिशवीत ठेवलेलं बरं.

मंदिरापाशी

जोमसोम किंवा कागबेनीहून जीप रानीपौवा गावापर्यंत जाते. तिथून मंदिरापर्यंत चढ आहे. घोडे आणि मोटरसायकली मिळतात, पण जमत असेल तर पायी जा. दहा पावलं, थांबा, दोन नामं, पुन्हा दहा पावलं. मागून येणारे पुढे गेले तर जाऊ द्या.

मंदिर विष्णूचं, पॅगोडा धाटणीचं. श्रीवैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत, म्हणजे विष्णूच्या पवित्र क्षेत्रांत, याची गणना होते, आणि बौद्धांनाही हे स्थान तितकंच पवित्र आहे. गाभाऱ्यात बौद्ध भिक्षुणी सेवा करताना दिसतील. मागे अर्धवर्तुळात गोमुखातून १०८ धारा पडतात, समोर दोन कुंडं आहेत. जवळच ज्वालामाईचं देऊळ आहे, तिथे जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूवर लहानशी ज्योत जळते.

धारांचं पाणी बर्फासारखं आहे. एवढं गार पाणी अंगावर पडलं की श्वास आत ओढला जातो, छाती आवळते, ठोके वाढतात. हे शरीराचं आपसूक उत्तर आहे, पण घबराटीचा झटका ओळखणाऱ्याला ते थेट तसंच भासतं. हृदयरोग किंवा रक्तदाब असेल तर १०८ धारांखालून पळायचंच नाही. ओंजळीने प्रोक्षण करा, तेवढ्याने यात्रा उणी होत नाही. तब्येत ठणठणीत असेल आणि जायचं असेल तर आधी हात, मग पाय, मग तोंड भिजवा, आणि धारेखाली जाताना श्वास सोडत जा, मोठ्याने नाव घेत. नाव घ्यायला तोंड उघडलं की श्वास अडकून राहत नाही. बाहेर आल्यावर लगेच कोरडे कपडे, कानटोपी, गरम चहा. फोटो नंतर.

जे वर जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी

कागबेनी सुमारे २,८०० मीटरवर आहे. मुक्तिनाथकडून येणारी झोंग नदी तिथे कालीगंडकीला मिळते. या संगमावर लोक पितरांसाठी पिंडदान करतात, आणि कालीगंडकी ही शाळिग्रामांची नदी. वर जाणं जमलं नाही तर एका सोबत्यासह तिथे थांबा, संगमावर बसा, जप पुरा करा. गटाने त्या माणसाला ‘बिचारी राहिली’ असं म्हणू नये. तीर्थ आणि प्रसाद आणून द्या, बस्स.

सोबत्यांनी आणखी एवढं सांभाळावं: ‘काही होत नाही गं’ हे वाक्य दर पाच मिनिटांनी बोलू नका. एकदा उत्तर द्या, मग ‘चल, नाम घेऊ’ म्हणा आणि खरंच बरोबर घ्या. घरी फोन दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की डोंगरात कधीकधी फोन लागत नाही. नाहीतर इथली भीती उतरते आणि तिकडे चिंचवडला पोरं जागी.

परतीचा रस्ता आणि नंतर

दर्शन झालं की सगळे सैल पडतात. चालकही. पोखराहून काठमांडू किंवा सुनौलीकडचा रस्ता हाही डोंगराचाच आहे, तिथे जातानाचे सगळे नियम तसेच पाळा: दिवसा प्रवास, दर दोन तासांनी थांबा, घाई नाही. पट्टा असेल तर लावा.

घरी आल्यावर वही पुन्हा उघडा. डावीकडच्या कुठल्या गोष्टी खरंच उपयोगी पडल्या, उजवीकडचं काय घडलं आणि काय घडलं नाही, ते लिहा. जप दिवेलागणीला चालू ठेवा, निदान काही महिने. आणि मावंदं झालं की महिनाभरात पुन्हा एक घाट करा, जवळचाच, कुठल्याही निमित्ताने. फार अंतर पडलं की भीती परत जागा धरते.